टोपी, मिशी आणि सोंग : मारिओ मालिकेचा एक अभ्यास

मॅस्कॉट या शब्दाला आपली वर्तमानपत्रे 'शुभंकर' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण थोडा भाबडा आहे. मूळ शब्द फ्रान्समधला, आणि त्याच्या मुळाशी तिथल्या दक्षिणेकडच्या बोलीतला चेटकिणीचा अर्थ आहे. आधी चेटूक, मग ताईत, मग नशीब घेऊन येणारी वस्तू किंवा व्यक्ती, असा त्याचा प्रवास झाला. विघ्न आणि शुभ यांची सरमिसळ आम्हा ओझरकरांना नवी नाही. आमच्या गावच्या गणपतीचे नावच एका असुरावरून पडले आहे. अभिनंदन राजाचा यज्ञ मोडावा म्हणून इंद्राने विघ्नासुर निर्माण केला, तो पुढे सगळ्यांच्याच यज्ञांवर उठला, गणेशाने त्याला हरवले. शरण आल्यावर त्याने मागणी केली की तुझ्या नावाआधी माझे नाव लागावे. म्हणून देव विघ्नेश्वर. हरलेला खलनायक नायकाच्या नावात कायमचा जाऊन बसला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

१३ सप्टेंबर २०२५ रोजी 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेमला चाळीस वर्षे झाली. जपानमधल्या क्योतो शहरातील निन्टेन्डो या कंपनीने तो १९८५ साली बाजारात आणला. मराठीत या विषयावर लिहिले जाते ते दोनच प्रकारे. एक, मुले बिघडली अशा तक्रारीच्या सुरात. दुसरे, कंपनीच्या यशाची कहाणी म्हणून. मारिओ हे एक पात्र आहे, त्याला घडण आहे, परंपरा आहे, त्यात चांगले प्रयोग आहेत आणि फसलेलेही आहेत, असे धरून कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. नव्वदच्या दशकात या परिसरात टीव्ही आणि व्हिडिओ गेम दुरुस्त करणे हे माझे पोट भरण्याचे साधन होते, आणि जवळच नारायणगावला तमाशाची पंढरी. पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात, ते पाहत मोठा झालो. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींशेजारी राहिल्या, आणि माझा निष्कर्ष असा की मारिओ हा नायक नव्हे. तो सोंगाड्या आहे. त्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या वाटचालीतल्या बऱ्याच कोड्यांचा उलगडा या एका ओळखीने होतो.

जन्मकथा आधी सांगतो, कारण तीही सोंगाड्याला शोभेल अशीच आहे. निन्टेन्डो ही १८८९ साली स्थापन झालेली पत्ते बनवणारी कंपनी. 'हानाफुदा' नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते हा तिचा मूळ धंदा. १९८० च्या सुमारास तिने अमेरिकेत 'रडार स्कोप' नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र पाठवले. सुमारे तीन हजार यंत्रांतली दोन हजारांच्या आसपास पडून राहिली. ती पेटारे फेकून न देता आतला खेळ बदलून विकायचे ठरले, आणि काम आले शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे. कंपनीला आधी पॉपाय हा प्रसिद्ध खलाशी वापरायचा होता. हक्क मिळाले नाहीत. मग पॉपायच्या जागी एक सुतार, दांडगट ब्लुटोच्या जागी माकड, आणि ऑलिव्हच्या जागी पॉलीन नावाची तरुणी. १९८१ च्या 'डाँकी काँग'मधला हा सुतार म्हणजे मारिओ. तेव्हा त्याला धड नावही नव्हते. 'जंपमॅन', म्हणजे उडीवाला, एवढीच ओळख. पुढे अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सिगाली यांचे नाव त्याला चिकटले. ठरलेला नट आला नाही म्हणून ऐनवेळी दुसऱ्याला तोंड रंगवून उभे करायचे, हे फडातल्या माणसाला सांगायला नको.

आता त्याचे रूप. लाल टोपी, जाड मिशी, खांद्यावर पट्टे असलेली विजार. हे कोणा महान चित्रकाराच्या प्रतिभेतून आले असे मानण्याची चूक करू नये. हे ठिपक्यांच्या टंचाईतून आले. १९८५ च्या खेळातला छोटा मारिओ उभे सोळा आणि आडवे सोळा अशा ठिपक्यांच्या चौकटीत बसतो. एवढ्या जागेत तोंड काढता येत नाही, म्हणून नाकाखाली मिशी. केस उडताना दाखवता येत नाहीत, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून विजारीचा आणि सदऱ्याचा रंग निराळा. मियामोतोंनी स्वतः ही कारणे वेळोवेळी सांगितली आहेत. सोंगाड्याचा वेशही असाच घडला नाही का? गॅसबत्तीच्या उजेडात, मागे बैलगाडीवर बसलेल्या माणसालाही कळले पाहिजे की हा आला. राजा दोन मिनिटे बोलल्यावर राजा वाटतो; सोंगाड्या पाऊल टाकताच सोंगाड्या असतो. दूरवरून, अंधुक उजेडात, एका नजरेत ओळख पटणे ही या दोन्ही कलांची पहिली अट आहे, आणि मारिओच्या टिकण्याचे निम्मे रहस्य त्यात आहे. पुढे यंत्रे हजारपट ताकदवान झाली, मिशीचा केस न् केस दाखवता येऊ लागला, तरी कंपनीने वेश बदलला नाही. गरजेतून आलेली गोष्ट रूढी झाली.

१९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स'मध्ये सुताराचा नळदुरुस्तीवाला झाला, कारण खेळ जमिनीखालच्या नळांत घडत होता. त्याच वेळी भाऊ लुइजी आला. तो म्हणजे तेच चित्र, रंग वेगळा. दोघांना एकत्र खेळता यावे एवढाच हेतू. इथे मला कवलापूरचे काळू-बाळू आठवतात. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ 'जहरी प्याला' या वगात काळू आणि बाळू या पोलिसांच्या भूमिका करीत, आणि ती सोंगे इतकी गाजली की माणसांची खरी नावे मागे पडून फडालाच काळू-बाळूचे नाव मिळाले. सारख्या दिसणाऱ्या दोघांना पाहून हसू का येते, याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही. पण क्योतोतल्या माणसांना आणि कवलापूरच्या माणसांना ते ठाऊक होते एवढे खरे.

१९८५ चा खेळ हा मालिकेचा पाया आहे, म्हणून त्याच्या बांधणीबद्दल जरा सविस्तर लिहितो. संपूर्ण खेळ फक्त ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो याहून मोठा असतो. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे ३२ टप्पे. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप एकाच चित्रातून काढले आहे. एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा. ताकाशी कोदो कोंदो... नव्हे, नावे नीट द्यावीत : दिग्दर्शनात मियामोतोंचे सहकारी ताकाशी तेझुका, आणि संगीत कोजी कोंदो यांचे. कोंदोंची ती धून ओझरच्या पोरांना शिट्टीवर येत होती, जेव्हा त्यांना जपान नकाशावर दाखवता आला नसता.

पहिल्या टप्प्याची सुरुवात अभ्यासण्यासारखी आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा असते. म्हणजे कुठे जायचे ते न सांगता कळते. थोडे पुढे गेले की प्रश्नचिन्हाची वीट आणि समोरून चालत येणारा कुत्र्याच्या छत्रीसारखा एक शत्रू. काहीच केले नाही तर मरण. उडी मारली तर एक तर शत्रू चिरडतो किंवा डोके विटेवर आपटून नाणे मिळते. दोन्हींतून धडा मिळतो. एक अक्षरही न वाचता, कोणतीही भाषा न येता, दहा सेकंदांत खेळाचे व्याकरण कळते. मराठी माध्यमाच्या, इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलांना हा खेळ आपला का वाटला, याचे उत्तर या दहा सेकंदांत आहे. आणखी एक कडक नियम : पडदा फक्त पुढे सरकतो. मागे राहिलेले नाणे कायमचे गेले. पुढच्या खेळांनी ही सक्ती काढली आणि माझ्या मते त्यात काहीतरी हरवले.

यानंतर मालिकेची गाडी दोनदा घसरली. १९८६ मध्ये जपानात आलेला दुसरा भाग निव्वळ कठीण होता. तो पाश्चात्त्य ग्राहकांना झेपणार नाही असे ठरले. मग १९८७ चा 'डोकी डोकी पॅनिक' हा वेगळाच, अरबी कथांच्या थाटाचा खेळ घेऊन त्यातल्या पात्रांना मारिओ मंडळींचे कपडे चढवले आणि १९८८ मध्ये तोच दुसरा भाग म्हणून अमेरिकेत विकला. शुद्धतावादी समीक्षक नाक मुरडतात. मला ही घटना महत्त्वाची वाटते, कारण कथा कोणतीही असो, टोपी घातली की मारिओ, हे तिने सिद्ध केले. वग बदलतो, सोंगाड्या तोच. गंमत म्हणजे या परक्या खेळामुळेच राजकन्येला प्रथमच स्वतः खेळायला मिळाले. एरवी ही बाई वर्षानुवर्षे किल्ल्यात वाट पाहत बसलेली. मालिकेचा हा सर्वांत दुबळा भाग आहे आणि त्याचे समर्थन करता येत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांसारख्या बाईच्या नावावर फड चालताना पाहिलेल्या मुलखातल्या माणसाला तर हे फारच पोकळ वाटते. राजकन्येच्या नावाचा 'शोटाइम' हा खेळ २०२४ साली आला. त्यात ती एका नाट्यगृहात वेगवेगळ्या भूमिका करते. उशीर झाला, पण जागा बरोबर निवडली.

नाट्यगृहाचे म्हणाल तर माझ्या सिद्धांताला सर्वांत भक्कम पुरावा १९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' मध्ये आहे. मालिकेतला हा सर्वोत्तम खेळ, असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीला लाल पडदा वर जातो. पुढे पाहावे तर ठोकळे खिळ्यांनी ठोकलेले दिसतात, आणि त्यांची सावली चक्क आकाशावर पडते, म्हणजे आकाश हा मागचा रंगवलेला पडदा आहे. टप्प्याच्या शेवटी मारिओ देखाव्यातून निघून काळोखात जातो, म्हणजे विंगेत. हे सगळे नाटक आहे का, असे २०१५ साली मियामोतोंना विचारले गेले तेव्हा त्यांनी होकार दिला. हे कळल्यावर मला फार आश्चर्य वाटले नाही. या खेळात मारिओ बेडकाचा वेश घालतो, शेपटीवाला होऊन उडतो, पुतळा होतो. सोंगाड्याने सोंगे घ्यायची, हेच त्याचे काम.

मारिओला आव्हान मिळाले ते १९९१ साली. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्याला शुभंकर हवा म्हणून ठरवून एक घडवला : नाओतो ओशिमांनी रेखाटलेला निळा साळू सॉनिक. रंग कंपनीच्या बोधचिन्हाचा. मारिओ थांबून, अंदाज घेऊन उडी मारतो. सॉनिक सुसाट धावतो, आणि खेळणाऱ्याने हात काढले की कंटाळून पाय आपटतो. तो नायक होता, तरुण, गुर्मी असलेला. काही वर्षे त्याने मारिओला घाम फोडला. आपल्याकडेही १९९५ मध्ये शॉ वॉलेसने सेगाचे यंत्र विकायला काढले, किंमत १८,००० रुपये. जुन्नर-आंबेगावच्या कांदा-बटाटा पिकवणाऱ्या घरांत ते येणे शक्यच नव्हते. पण तरुणपण हे भांडवल टिकत नाही. सेगाने २००१ साली यंत्रे बनवणे सोडले आणि सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर पाहुणा म्हणून आला. २००७ मध्ये तर ऑलिंपिकच्या मैदानावर दोघे एकाच खेळात धावले. सोंगाड्या पहिल्यापासूनच पोट सुटलेला, मध्यमवयीन. त्याला म्हातारा होण्याची भीती नाही.

आता विघ्नासुराकडे येतो. मालिकेचा खलनायक बाऊझर, पाठीवर काटेरी कवच असलेला कासवराजा. १९८५ मध्ये आठ किल्ल्यांत तो आठदा भेटतो, आणि आगीचे गोळे मारून संपवला तर पहिल्या सातांत कळते की दुसराच कोणी त्याचे सोंग घेऊन उभा होता. सोंगातले सोंग. पण पुढचे पाहा. १९९२ च्या 'सुपर मारिओ कार्ट'मध्ये हा बाऊझर मारिओच्या शेजारी गाडी घेऊन शर्यतीला उभा आहे. १९९६ च्या 'सुपर मारिओ आरपीजी'मध्ये तो मारिओच्या टोळीत सामील होतो. उलट बाजूने, १९८२ च्या 'डाँकी काँग ज्युनियर'मध्ये मारिओच खलनायक आहे : माकडाला त्याने पिंजऱ्यात कोंडले आहे आणि पोर बापाला सोडवायला आले आहे. पाश्चात्त्य लेखक याला विसंगती म्हणतात, किंवा विक्रीची सोय. सोय आहेच. पण ज्या गावात खलनायकाचे नाव घेतल्याशिवाय देवाचे नाव पुरे होत नाही, तिथल्या माणसाला यात विसंगती दिसत नाही. रात्री वगात एकमेकांवर तलवार उपसणारे राजा आणि प्रधान पहाटे एकाच राहुटीत चहा पितात.

१९९६ चा 'सुपर मारिओ ६४' खोलीसह, चारी दिशांनी फिरता येईल अशा जगात आला. तांत्रिकदृष्ट्या ही मोठी झेप होती. वाड्याबाहेरच्या बागेत नुसते धावण्या-उड्या मारण्यातही आनंद वाटावा इतकी हालचाल बारकाईने घडवली होती. चार्ल्स मार्टिनेट यांचा चिरका, आनंदी आवाज याच काळात घरोघर पोचला. ते २०२३ साली निवृत्त झाले आणि केव्हिन अफगाणी यांनी आवाज उचलला. मुलांना फरक जाणवला असेल, पण पात्र अडले नाही. २००७ च्या 'गॅलक्सी'ची कल्पनाशक्ती मला थक्क करते, २०१७ च्या 'ओडिसी'त टोपीच जिवंत पात्र होते हे मला योग्यच वाटते. चित्रपटांनी मात्र हात दाखवून अवलक्षण केले. १९९३ चा सपशेल पडला. २०२३ च्या चित्रपटाने १३० कोटी डॉलरांहून अधिक कमावले, तरी त्यात मारिओला आईवडील, घर, न्यूनगंड असे सगळे चिकटवले आहे. सोंगाड्याला बालपण द्यायचे नसते. त्याची कुंडली मांडली की तो इतरांसारखा होतो.

आतापर्यंत जे लिहिले तो कंपनीचा इतिहास झाला. आमच्याकडचा इतिहास निराळा आहे, आणि तो लिहिला गेला नाही ही माझी खरी बोच आहे. या भागात मारिओ आला तो निन्टेन्डोच्या खोक्यातून नव्हे. लिटल मास्टर, मीडिया, सामुराई अशी नावे असलेली यंत्रे आणि पिवळ्या, लाल, निळ्या कॅसेटी. जपानी कॅसेटीसारख्याच साठ पितळी पट्ट्या, आणि आत उघडून पाहावे तर नावनिशाणी असलेली चिप नाही. फक्त डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. त्याला काही झाले की दुरुस्ती नाही. बाकी बहुतेक वेळा पट्ट्या रॉकेलच्या बोळ्याने पुसल्या की काम भागे. वेष्टनावर '९९९९९९ इन १' असे छापलेले असायचे आणि यादी उलगडली की तेच सात-आठ खेळ वेगवेगळ्या नावांनी, कधी पहिल्या टप्प्यापासून, कधी अधल्यामधल्या. मियामोतो, तेझुका, कोंदो, कोणाचेच नाव कुठे नाही. म्हणजे हा खेळ आमच्याकडे आला तो कर्ता नसलेली रचना म्हणून, ओवीसारखा, गणासारखा. जगात १९९० मध्ये 'सुपर मारिओ वर्ल्ड' आला, १९९६ मध्ये '६४' आला. इथे मात्र त्याच दशकभर १९८५ चाच मारिओ धावत होता. मालिकेचा 'विकास' हा शब्द इथे लागूच होत नाही. इथे एकच संहिता होती आणि तिची पारायणे होती.

ही चोरीच होती, यात शंका नाही. पण चोरीच्या बाबतीत मारिओची स्वतःची कहाणीही ऐकावी. 'डाँकी काँग'वर युनिव्हर्सल स्टुडिओने किंग काँगच्या हक्कांसाठी खटला भरला. निन्टेन्डोचे वकील जॉन कर्बी यांनी दाखवून दिले की काही वर्षांपूर्वी याच स्टुडिओने दुसऱ्या खटल्यात किंग काँगची कथा सर्वांची, सार्वजनिक आहे असे सांगून आपले काम साधले होते. स्टुडिओ हरला. म्हणजे मारिओ ज्या माकडाच्या पाठीवर बसून जगात आला ते माकड मोकळे होते म्हणून तो वाचला. आज तीच कंपनी आपल्या पात्राची राखण इतक्या कडक करते की चाहत्यांनी हौसेने बनवलेले खेळही बंद पाडले जातात. रिओ ऑलिंपिकच्या समारोपात २०१६ साली जपानचे पंतप्रधान शिंझो आबे मारिओच्या वेशात अवतरले, तेव्हा ते पात्र देशाचे झाले असे सगळ्यांना वाटले. कागदोपत्री ते कंपनीचेच होते. काळू-बाळूची सोंगे कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारला नाही, आणि त्या न विचारण्यामुळे कलावंतांचे म्हातारपण कसे गेले हेही आपण पाहिले आहे. विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळाले आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. त्यामुळे मालकी वाईट, लोककला चांगली, असा सोपा निवाडा मला करवत नाही.

त्या कॅसेटी आता भंगारात जात आहेत. रंगीत वेष्टने, चुकीच्या स्पेलिंगांच्या याद्या, पोरांनी पेनाने लिहिलेली स्वतःची नावे. महाराष्ट्रातल्या एखाद्या संग्रहालयाने त्या जमा कराव्यात असे मी अनेकांना सुचवले; हसण्यापलीकडे प्रतिसाद आला नाही. माझ्याकडे एका ट्रंकेत अशा काही कॅसेटी आहेत. त्यांच्या आधारे एवढे सांगता येते की या भागातल्या खेळणाऱ्यांचे मारिओचे ज्ञान फार असमान होते. पहिल्या जगाचे चार टप्पे सगळ्यांना पाठ : कोणत्या विटेत जादा जान आहे, कोणता नळ खाली नेतो, हे डोळे मिटून सांगत. चौथ्या जगापुढे माहिती विरळ होत जाते, आणि आठव्या जगाचा शेवट पाहिलेला माणूस पंचक्रोशीत एखाद-दुसरा. कारण कौशल्याचे नव्हते. त्या खेळात केलेली वाटचाल साठवून ठेवण्याची सोय नाही, आणि आमच्याकडे वीज जायची. परत आली की पुन्हा डाव्या कडेला उभा मारिओ, समोर मोकळी जागा. तमाशातही गण-गौळण सगळ्या गावाने पाहिलेली असते. वगाचा शेवट पाहतात ते पहाटेपर्यंत जागे राहिलेले चार जण.